सांधा भरायचा नसतो

कोकणात येईपर्यंत पाण्याला भ्यायचं असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या हिंगोलीकडे पाण्याची वाट बघतात. इथे चार महिने पाणीच आत यायची वाट शोधत असतं, पत्र्यातून, भिंतीतून, खिळ्याच्या भोकातून. माणसं मे महिन्यापासून त्या वाटा बुजवत बसतात. बघून बघून मीही बुजवायला शिकलो, आणि एका माणसाच्या आयुष्याची शेवटची नोकरी त्यात गेली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

शाळा नववीत सुटली. मेहुण्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेली तार काढायची, नवी भरायची. त्यात सहा वर्षं गेली. दुकान बंद पडलं तसा एका ठेकेदाराच्या माणसाबरोबर लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आलो. वायरमनच्या हाताखाली काम होतं, रसायनांच्या कारखान्यात. एसटीतून उतरलो तेव्हा हवेला गोडसर वास होता. मला वाटलं, कुठेतरी फळं पिकत असतील.

माझा स्वभाव मूळचा भित्रा. साहेबाने नुसतं बोलावलं तरी आपलं काय चुकलं ते आठवत जातो. आणि शाळेपासूनची एक खोड आहे, काही कळलं नाही तरी मान हलवायची. गुरुजी विचारायचे, कळलं का, की माझी मान आधी हलायची. नववीपर्यंत तेवढ्यावर निभलं.

आमच्या विभागाचे मुख्य वीजतंत्री चिपळूणपलीकडच्या एका गावचे होते. सगळे त्यांना काका म्हणत. तरुणपणी तेलाच्या जहाजांवर होते. समुद्र सोडून इथे लागले त्यालाही वीसेक वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "काका, मी केबल ओढायलो." ते हातातलं काम सोडून बघत राहिले. मग त्यांच्या त्या लांबवलेल्या कोकणी हेलात म्हणाले, "ओढायलो काय? बरं, ओढा ओढा." त्या दिवसापासून माझं नाव मराठवाडा पडलं. "मराठवाडा, पाना आण." "मराठवाडा, जेवलास काय?" घरापासून इतक्या लांब कुणीतरी जेवलास काय विचारतंय, एवढंही मला तेव्हा पुष्कळ होतं.

पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली. ठेकेदाराने सांगितलं, गावाला जा. जाण्याइतकं त्राण नव्हतं. काका मला सरळ त्यांच्या घरी घेऊन गेले. तीन आठवडे मी त्यांच्या पडवीत पडून होतो. काकू सकाळ-संध्याकाळ पेज द्यायच्या, वर कसलासा पाला वाटून द्यायच्या, आणि मी संकोचाने नको म्हटलं की म्हणायच्या, "तुझी आई बघत नाय हितं, लाजू नको." परत आलो तर गेटवर माझा पास बंद झालेला. काका सुरक्षा ऑफिसात गेले आणि सांगून आले, हा माझा माणूस आहे, याची जबाबदारी माझी. तेव्हापासून मी त्या गेटातून आत जायचो तो त्यांच्या शब्दावर.

आता पेट्यांबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे सॉल्व्हंटच्या टाक्या होत्या. त्या द्रवाची वाफ डोळ्यांना दिसत नाही. जमिनीलगत पसरते, गटारात उतरते, आणि एवढीशी ठिणगी पडली तरी पेटते. घरातला दिव्याचा खटकासुद्धा दाबताना आत ठिणगी टाकतो, तेवढी पुरते. म्हणून त्या आवारात मोबाइल चालत नाही, साधी बॅटरी चालत नाही. प्रत्येक स्विच, प्रत्येक मोटारीची जोडणी एका जाड धातूच्या पेटीत बंद असते. फ्लेमप्रूफ म्हणतात तिला. झाकणाला आठ बोल्ट. झाकणाची आणि पेटीची तोंडं आरशासारखी घासलेली, एकमेकांवर सपाट बसणारी.

काकांनी पहिल्याच आठवड्यात नियम सांगितले होते. वीज बंद केल्याशिवाय, कुलूप घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. तोंडावर ओरखडा पडू द्यायचा नाही, स्क्रू ड्रायव्हर तिथे न्यायचाच नाही. ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, दुसरं काही लावायचं नाही. रंगही नाही. आठातले आठ बोल्ट लावायचे. शेवटी फीलर गेज, म्हणजे केसाएवढ्या पातळ पात्यांचा जुडगा असतो, त्यातलं ठरलेलं पातं फटीत घालून बघायचं. शिरता कामा नये. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी कारणही सांगितलं होतं. म्हणाले, आत पेटलं तरी चालेल, बाहेर येईस्तोवर विझलं पाहिजे. मग विचारलं, "कळलं?"

मी मान हलवली.

मला वाटलं होतं, पेटी घट्ट बंद ठेवायची ती वाफ आत जाऊ नये म्हणून. ‘आत पेटलं तरी चालेल’ हे मी काकांचं बोलण्यातलं काहीतरी म्हणून सोडून दिलं. पुढची दोन वर्षं मी नियम बिनचूक पाळले, कारण काकांनी सांगितले होते. कारण माहीत नसताना पाळलेला नियम किती दिवस टिकतो ते मला पुढे कळलं.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात एका रविवारी काका मला रत्नागिरीजवळच्या भाट्याला घेऊन गेले. तिथे त्यांचे मेहुणे राहतात, काकूंचे भाऊ. त्यांच्या घरातलं वायरिंग बदलायचं होतं. दुपारी जेवून मी सहज किनाऱ्याकडे गेलो तर मेहुणे वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीपाशी बसलेले. फळ्यांच्या सांध्यात कापूस कोंबत होते, पातळ छिन्नीने ठोकत होते, वरून राळ आणि तेलाचा काला चोपडत होते. मी बराच वेळ बघत बसलो. ते म्हणाले, "सांधा भरलेला असला म्हंजे दर्याला आत यायला वाव नाय. माणसाला पण झोप लागते." मला ते फार पटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही सांगितलं आणि मी मान हलवली ती खरोखर कळून.

जुलैत काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, रत्नागिरीला. काकांनी पंधरा दिवसांची रजा टाकली. भाट्यालाच राहणार होते. जाताना म्हणाले, "नियमाने कर, अडलं तर फोन कर." आणि पाऊस असा लागला की टाक्यांच्या आवारातल्या पाच मोटारी आलटून पालटून बंद पडायला लागल्या. पेट्यांत पाणी जात होतं. मी उघडायचो, पुसायचो, गरम हवेने सुकवायचो, आठ बोल्ट लावायचो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. उत्पादनाचा शिफ्ट ऑफिसर सगळ्यांसमोर म्हणाला, काका नाहीत तर यांना पेटीचं झाकणसुद्धा लावता येत नाही. फोन करावासा वाटला. पण काकूंच्या डोळ्याला पट्टी, काका दवाखान्यात, आणि ज्यांनी मला पडवीत निजवलं त्यांना मी झाकणासाठी त्रास देऊ? मी फोन केला नाही. उपकाराची फेड म्हणून मी तो प्रश्न स्वतःच सोडवायचं ठरवलं.

नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात पत्र्याचे सांधे भरायला सिलिकॉनच्या नळ्या मिळतात. पावसाळ्याच्या तोंडावर इथे घरोघरी त्या नेतात. मी दोन नळ्या आणल्या. पाचही पेट्या उघडल्या. तोंडांवरचा गंज आणि जुनं ग्रीस स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडून काढलं. चारी बाजूंनी सिलिकॉनची एकसारखी रेघ ओढली, झाकण दाबून बसवलं, बाहेर आलेलं बोटाने पुसून घेतलं. बाहेरून कुणाला काही दिसलं नसतं. बोल्ट आठच लावले. हातासरशी केबल जिथून आत जाते तिथली आवळणीही घट्ट केली. फीलर गेजचं पातं लावून बघितलं, शिरलं नाही. शिरणार कसं, तिथे रबर होतं.

त्यानंतर एकही मोटार बंद पडली नाही.

काका परत आले तेव्हा शिफ्ट ऑफिसरच त्यांना म्हणाला, तुमचा गडी तयार झाला. काका माझ्याकडे बघून हसले. तीन महिन्यांचा तपासणीचा कागद भरायचा होता. त्यावर प्रत्येक पेटीपुढे काकांची सही लागते, परवाना त्यांचा. एरवी ते पावसात, उन्हात, स्वतः समोर उभं राहून पेटी उघडायला लावायचे आणि मग सही करायचे. त्या दिवशी धो धो लागलेला, काकूंच्या डोळ्यात रोज चार वेळा औषध घालून ते थकलेले. कागद पुढे घेऊन त्यांनी विचारलं, "तू बघितल्यास ना?"

"हो काका."

"मग मी बघितल्यासारखंच," असं म्हणून त्यांनी सह्या केल्या. मला इतका आनंद झाला की त्या रात्री घरी फोन करून सांगितलं.

गणपती होऊन गेले. खोलीत आम्ही तिघं राहायचो. त्यातला एक लातूरकडचा, माझ्याहून बराच मोठा, शेजारच्या एका कारखान्यात होता. भाकरी फार सुरेख थापायचा. माझी भाकरी बघून म्हणायचा, "ही भाकरी हाय का नकाशा?" एका दुपारी, चहाच्या सुट्टीच्या सुमारास, जमीन हलली आणि मग आवाज आला. त्यांच्या कारखान्यावर काळा धूर उभा राहिला. आम्हाला सगळ्यांना गेटवर मोजून उभं केलं. मी धुराकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की त्याची पाळी सकाळची आहे, तो सुटला असेल. त्याने पाळी बदलून घेतली होती.

त्याचा भाऊ आला, त्याला घेऊन गेला. चेहरा बघू नका असं सांगितलं होतं. मी पिशवी भरून दिली. कपडे, पोळपाट, दाढीचं सामान. व्हरांड्यातल्या दोरीवरची त्याची लुंगी मात्र विसरलो. त्या ओल्या हवेत ती आठ दिवस वाळली नाही आणि तिला हात लावायची आम्हा दोघांचीही हिंमत झाली नाही.

तिकडे नेमकं काय झालं ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. नाक्यावर दहा तोंडी दहा गोष्टी. कुणी म्हणे पंपाच्या पेटीला अर्धेच बोल्ट होते. पण आमच्या कारखान्याने दुसऱ्या आठवड्यात सगळ्या कंत्राटी कामगारांना सकाळी शेडमध्ये बसवलं आणि काकांना सांगितलं, तुम्ही समजावून सांगा, तुमचं यांना कळतं.

काकांनी टेबलावर एक जुनी पेटी उघडून ठेवली होती. म्हणाले, "पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. वाफ आत जाणारच. ही पेटी वाफ अडवायला नाही. वाफ आत गेली, ठिणगी पडली, तर आत बार उडणार, हे धरूनच ही बनवली आहे." मग त्यांनी झाकण बसवून त्या सपाट तोंडांवरून बोट फिरवलं. आतला जाळ या दोन तोंडांच्या मधल्या अरुंद फटीतून बाहेर येतो. येता येता दोन्हीकडचा थंड धातू त्याची आग पिऊन घेतो. बाहेर पडतो तो नुसता विझलेला वायू, त्याने बाहेरची वाफ पेटत नाही. पण दोन बोल्ट कमी असले तर झाकण फाकतं, आणि जाळ जाळच राहून बाहेर येतो. तोंडावर ओरखडा असला तर तीही त्याला वाटच. "आणि काही शहाणे पाणी जातं म्हणून सांध्यात रबर भरतात. मग धातूला धातू टेकतच नाही. पहिल्या दणक्याला रबर उडतं, आणि ते होतं तिथे दार उघडं."

पाच पेट्या. टाक्यांच्या आवारात एका पाळीला किती माणसं असतात ते मी मनात मोजायला लागलो, आणि प्रत्येकाचा चेहरा भाकरी थापणाऱ्या त्या माणसाचा दिसायला लागला.

काका शेवटी म्हणाले, "हा आमचा मराठवाडा बघा. आमच्या टाक्यांवरच्या पेट्या याने केल्यात. त्यानंतर सबंध पावसात एक मोटार बंद नाही." लोकांनी माझ्याकडे वळून बघितलं. एकजण टाळ्या वाजवायला लागला, मग बाकीच्यांनीही वाजवल्या.

शेडमधून बाहेर पडून औजारांच्या खोलीत जाईपर्यंत मला दोनच गोष्टी दिसत होत्या. बोललो नाही तर आज, उद्या, कधीही बार उडणार. बोललो तर कागदावर सही काकांची. मी गुपचूप पेट्या उघडून साफ करायचाही विचार केला. पण वीज बंद करायला परवानगी लागते, परवानगीला कारण लागतं, आणि कारण लिहिलं की काकांच्या सहीचा विषय निघतोच. शिवाय मी खरवडलेली ती तोंडं. ती साफ करून काय होणार होती?

काका पाने पुसत बसले होते. मी म्हणालो, "काका, त्या पेट्यांत मी सिलिकॉन भरलंय."

त्यांनी वर बघितलं नाही. "किती?"

"पाचही. भाट्याला मेहुणे होडीचा सांधा भरतात तसं. आणि तोंडं स्क्रू ड्रायव्हरने घासली."

पुसत असलेला पाना त्यांनी त्याच्या खिळ्यावर नीट अडकवला. मग उठले आणि विचारलं, "मी तुला सांगितलं होतं, ते कळलं नव्हतं काय?"

मी म्हणालो, "नाही."

"मग मान का हलवलीस रे?"

ते पावसात डोक्यावर काही न घेता चालत गेले आणि त्यांनी पाचही पंप बंद करायला लावले. शिफ्ट ऑफिसर आरडाओरडा करत आला. काका त्याला एवढंच म्हणाले की बंद म्हणजे बंद, पुढचं मी साहेबांना सांगतो.

पेट्या उघडल्या तेव्हा ते माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. पाचपैकी तीन पेट्यांच्या तोंडावर माझे ओरखडे होते, आडवे, आतून बाहेरपर्यंत. त्या कायमच्या बाद झाल्या. आणि एक गोष्ट त्यांना बघताक्षणी समजली. पाणी सांध्यातून येतच नव्हतं. केबलच्या आवळणीतून येत होतं, आणि ती मी जाता जाता घट्ट केली होती. मोटारी थांबल्या नाहीत त्या त्यामुळे. सिलिकॉनचा काडीचा उपयोग नव्हता.

साहेबांनी कागद मागवला. मी पुढे होऊन सांगितलं की चूक माझी आहे, काका रजेवर होते. साहेब माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, तुझ्याकडे परवाना नाही, तुझी इथे सही नाही, तू काय केलंस याला कागदावर अर्थच नाही. काका म्हणाले, "सही माझी आहे. मी न बघता केली." त्यांनी मेहुण्यांची होडी, काकूंचा डोळा, पाऊस, यातलं काही सांगितलं नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांना त्याच आठवड्यात पास जमा करायला सांगितला. खरं सांगायचं तर साहेबांनी काही वावगं केलं नाही. न बघितलेल्या पेटीवर सही म्हणजे काय, ते आम्ही धुराकडे बघत उभे असताना सगळ्यांनी पाहिलं होतं. पण मला ठेवलं आणि त्यांना काढलं. मला ठेवलं, कारण नव्या माणसाला जुन्या केबलींची माहिती देणारं कुणीतरी हवं होतं.

मी त्यांच्याकडे जातो. महिन्यातून एकदा, चिपळूणला उतरून पुढच्या एसटीने. काकू चहा देतात. पूर्वी जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत, आता जेवतोस काय असं विचारत नाहीत. वाईट बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तेंव्हा फोन केला असतास तर? मला काय, पट्टी होती डोळ्याला, कानाला नव्हती." काका आता गावात पंखे, पंप दुरुस्त करतात. माझ्याशी कारखान्याबद्दल बोलतात तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीसारखाच होतो, पण थोड्या वेळाने ते बोलता बोलता दुरुस्तीला आलेला एखादा पंखा पुढ्यात ओढून खोलायला घेतात. मग मी उठतो.

त्यांच्या जागेवर आलेला तंत्री माझ्याच वयाचा आहे, पदविका झालेला, हुशार. मागच्या पावसाळ्यात तपासणीचा कागद घेऊन तो औजारांच्या खोलीत आला. बाहेर पाण्याने अंगण भरलेलं. पेन काढून त्याने विचारलं, "बघितल्यास ना सगळ्या?"

माझी मान हलायला लागली होती. ती मी थांबवली. म्हणालो, "बघितल्यात. पण तुम्ही या. मी उघडतो, तुम्ही बघा, मग सही करा."

"एवढ्या पावसात? वेडा आहेस काय?"

मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. तो चिडला. म्हणाला, मराठवाडा, तू फार भित्रा आहेस. मी म्हटलं, हो. परवानगीचा कागद केला, वीज बंद केली, कुलूप घातलं. तो छत्री धरून शिव्या देत उभा राहिला आणि मी पहिल्या पेटीचा पहिला बोल्ट सोडवायला घेतला. पूर्ण सुटेपर्यंत त्याने दोनदा घड्याळ बघितलं. अजून सात होते.